‘हायड्रो-’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडे ‘हायड्रो’ हा शब्द शाळेच्या पुस्तकापेक्षा बाहेरच जास्त भेटतो. कोयनेचा हायड्रो प्रकल्प, तासगावच्या द्राक्षबागेत हायड्रोजन सायनामाइड, मिरजेहून आणलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात हायड्रोनेफ्रोसिस, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक. सगळीकडे शब्दाचा पहिला तुकडा तोच, पण अर्थ एकच नाही. कुठे तो पाणी असतो, कुठे हायड्रोजन, आणि या दोन अर्थांची गल्लत बागेत किंवा औषधाच्या बाबतीत महागात पडू शकते. विद्यार्थी, शेतकरी, रुग्णांचे नातेवाईक आणि भाषांतर करणारे जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची ही उत्तरं.

‘हायड्रो-’चा मूळ अर्थ काय?

पाणी. प्राचीन ग्रीकमध्ये पाण्याला ‘ह्यूडोर’ म्हणत. दुसऱ्या शब्दाला जोडताना त्याचं ‘ह्यूड्रो-’ असं रूप होई. लॅटिन आणि इंग्रजीमार्गे ते आपल्याकडे ‘हायड्रो-’ म्हणून आलं. षष्ठीत त्याच शब्दाचं रूप ‘ह्यूडाटोस’ असं होतं. कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात जी पाण्याची गाठ होते तिला ‘हायडॅटिड सिस्ट’ म्हणतात, तिथलं ‘हायडॅट’ याच घरातलं.

पुढे स्वर आला की शेवटचा ‘ओ’ गळतो. म्हणून हायड्रेट, हायड्रंट, हायड्रॉलिक. शेवटच्या शब्दाचा दुसरा भाग ‘आउलोस’, म्हणजे नळी किंवा पावा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर वाजणारं वाद्य बनवलं, त्याचं नाव ‘ह्यूड्राउलिस’. आजचं हायड्रॉलिक हे नाव अशा वाजंत्रीतून आलंय.

हा शब्द संस्कृतमधून ग्रीकमध्ये गेला असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. खरं आहे का?

नाही, आणि उलटंही नाही. संस्कृतचा ‘उदन्’ आणि ‘उदक’, ग्रीकचा ‘ह्यूडोर’, इंग्रजीचा ‘वॉटर’, रशियनचा ‘वोदा’ हे सगळे एकाच जुन्या इंडो-युरोपीय मुळाचे वंशज आहेत. ते एकमेकांचे भाऊ लागतात, त्यांच्यात बाप-लेकाचं नातं नाही. ‘व्होडका’ हे वोदाचं लाडिक रूप, म्हणजे ‘इवलंसं पाणी’.

याच मुळाची आणखी एक जोडी आहे. संस्कृतात ‘उद्र’ म्हणजे पाणमांजर (हिंदीतलं ऊदबिलाव त्यावरूनच), तर ग्रीकमध्ये ‘ह्यूड्रा’ म्हणजे पाणसाप. पुराणकथेतला अनेक तोंडांचा हायड्रा तो हाच. एक डोकं छाटलं की त्याला दोन फुटत. जीवशास्त्रात मुकुलायन शिकताना जो हायड्रा भेटतो त्याला हे नाव तुकड्यांतून पुन्हा वाढण्याच्या ताकदीमुळे मिळालं. ‘समुद्र’ या शब्दातही हाच ‘उद्’ आहे. आपण एखाद्या गोष्टीवर उदक सोडतो तेव्हाही तोच.

याला उपसर्ग म्हणायचं का?

शाळेच्या उत्तरपत्रिकेत म्हटलं तर चालतं. काटेकोरपणे पाहिलं तर ‘प्र-’, ‘वि-’ यांच्यासारखा हा उपसर्ग नाही. तो स्वतंत्र अर्थाच्या नामाचं समासातलं रूप आहे, म्हणजे पूर्वपद. ‘जलविद्युत’मधला ‘जल’ जसा, तसाच ‘हायड्रोइलेक्ट्रिक’मधला ‘हायड्रो’. तो शब्दाच्या शेवटीही येतो. ग्रीकांच्या पाण्याच्या घड्याळाला ‘क्लेप्सिड्रा’ म्हणत, शब्दशः पाणीचोर.

हायड्रो, हैड्रो की हायड्रॉ?

आज मराठी पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत ‘हायड्रो-’ रूढ आहे, तेच लिहा. ‘हैड्रो’ जुन्या छपाईत दिसतं. ‘हायड्रॉलिक’मध्ये मात्र ‘ड्रॉ’, कारण तिथला स्वर ‘आउलोस’मधून आलाय. ‘हाय’ हा उच्चार फक्त इंग्रजी वळणाचा. जर्मन ‘ह्यूड्रो’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘इद्रो’.

पाणी की हायड्रोजन, हे शब्द पाहून कसं ओळखायचं?

गोंधळ कुठून सुरू झाला ते आधी पाहू. १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने ‘जळणारी हवा’ वेगळी ओळखली. ती जळली की पाणी तयार होतं. १७८७ मध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नावं ठरवली, तेव्हा या वायूला ‘पाणी जन्माला घालणारा’ या अर्थाने हायड्रोजन म्हटलं. जुन्या शास्त्रीय लिखाणातला ‘उद्‌जन’ त्याचंच भाषांतर. मग रसायनशास्त्रज्ञ ‘हायड्रोजन’ला आखडून नुसतं ‘हायड्रो-’ म्हणू लागले आणि एकाच पूर्वपदाला दोन अर्थ चिकटले.

ओळखायची ढोबळ रीत अशी. शब्दात ‘हायड्रेट’, ‘हायड्रेशन’, ‘हायड्रस’ असेल तर पाणी. ‘हायड्राइड’, ‘हायड्रॉक्सी’, ‘हायड्रॉक्साइड’, ‘हायड्रोक्लोर-’, ‘हायड्रोकार्बन’, ‘हायड्रोजनेटेड’ असेल तर हायड्रोजन. यंत्र, नदी, वीज, शेती आणि शरीरातले आजार यांत जवळपास नेहमी पाणी किंवा पाण्यासारखा द्रव.

अपवाद लक्षात ठेवा. हायड्रोलिसिस रसायनशास्त्रातला असूनही पाण्याचा आहे, त्याचा अर्थ पाण्याने रेणू फोडणं. डिहायड्रेशन आणि डिहायड्रोजनेशन दिसायला जुळे, पण पहिल्यात पाणी जातं, दुसऱ्यात हायड्रोजन. पेट्रोल हायड्रोकार्बन आहे याचा अर्थ त्यात पाणी आहे असा नाही. पाणी निघालं तर पंपावर तक्रार करा. वनस्पती तूप हायड्रोजनेटेड असतं, म्हणजे निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट केलेलं असतं. हे काम अर्धवट राहिलं की ट्रान्स फॅट तयार होतं.

छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना (कोंब फुटतात त्या जागांना) लावतो त्या हायड्रोजन सायनामाइडमध्ये पाणी आहे म्हणून ते सौम्य, असं मजूर म्हणतात. बरोबर?

अजिबात नाही. बाटलीत पाणी असतं, कारण औषध पाण्यात विरघळवून विकतात. नावातला हायड्रोजन मात्र पाण्याचा नव्हे. ते नाव कॅल्शियम सायनामाइडपासून वेगळेपण दाखवायला दिलंय. तिथे कॅल्शियम असतं, इथे त्याच्या जागी हायड्रोजन.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण २४ ते ४८ तासांत काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना याचं पेस्टिंग करतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. मात्रा काडीची जाडी आणि त्या दिवसांतलं तापमान पाहून ठरते, म्हणून लेबल आणि आपल्या भागातल्या सल्लागाराचं ऐका. उशीर झाला आणि डोळे फुगायला लागले की तेच औषध कोंब जाळतं. काडी कोवळी आणि मात्रा जास्त असली तरी डोळे मरतात.

कातडीवर पडलं तर जळजळ आणि फोड येतात. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या यांशिवाय कुणाला कामाला लावू नका. आणि हे तर लेबलवर असूनही पाळलं जात नाही: पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद. दारूपासून शरीरात तयार होणारा विषारी घटक मोडणारं जे विकर असतं त्याला हे औषध अडवतं. तोंड लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत प्रकरण जातं. त्या विकराचं नाव ‘अल्डिहाइड डिहायड्रोजनेज’, हायड्रोजन काढून घेणारं. असं कुणाला झालं तर बाटलीचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा.

बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) ‘पेंटाहायड्रेट’ आणि चुना ‘हायड्रेटेड’ म्हणून दिला. वजनात फरक पडतो का?

पडतो, पण फक्त चुन्याच्या.

निळ्या मोरचुदाच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे पाच रेणू चिकटलेले असतात. ‘पेंटा’ म्हणजे पाच, ‘हायड्रेट’ म्हणजे पाणीवाला. वजनाचा ३६ टक्के भाग हे पाणीच. एक खडा जुन्या पळीत तापवला की पाणी उडून तो पांढरा फटक होतो, वर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा. पांढऱ्या रूपाला ‘अनहायड्रस’ म्हणतात. त्यातला ‘अन’ आपल्या ‘अनादर’, ‘अनावश्यक’ मधल्या ‘अन्’चा ग्रीक भाऊ. बोर्डोच्या सगळ्या शिफारशी निळ्या, पाणीवाल्या मोरचुदाच्या आहेत, त्यामुळे इथे हिशेब बदलायची गरज नाही.

चुन्याचं मात्र उलट. एक टक्का बोर्डोची जुनी कृती म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. कळीचा चुना अजून पाणी न प्यायलेला असतो. पिशवीतला ‘हायड्रेटेड लाइम’ आधीच विरवलेला. तेवढ्याच कामासाठी तो वजनाने सुमारे १.३ पट लागतो, म्हणजे १ किलोच्या जागी १ किलो ३०० ग्रॅम. किलोला किलो घातला की चुना ठरल्यापेक्षा कमी पडतो; द्रावण आम्लधर्मी राहिलं तर पानं करपतात. दुसरी गोष्ट, उघड्या पिशवीतला चुना हवेतला कर्बवायू शोषून खडूसारखा निकामी होतो. मागच्या हंगामातला अर्धा कट्टा वापरू नका.

५० लिटर पाण्यात मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवा. लोखंडी भांडं नको, कारण तांबं लोखंडावर बसतं. चुना दुसऱ्या पिंपात थोड्या पाण्यात विरवा, थंड होऊ द्या, गाळून ५० लिटर करा. मग मोरचुदाचं द्रावण चुन्यात ओतत काठीने सारखं ढवळा. गरम असताना मिसळलं तर कण मोठे होऊन तळाशी बसतात आणि नोझल तुंबतं. स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. चुन्याची निवळी घालत थर येणं थांबेपर्यंत पुन्हा तपासा. आणि त्याच दिवशी फवारा. कोवळ्या पानांवर एक टक्का चालत नाही, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी करावा लागतो.

औषधाच्या पाकिटावर हायड्रोक्लोराइड, ट्रायहायड्रेट असं काहीबाही असतं. यात आम्ल असतं का?

‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड’ म्हणजे मेटफॉर्मिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा क्षार. घरचं मीठही याच आम्लाचा क्षार आहे, ते खाऊन कुणाचं तोंड भाजत नाही. क्षार केल्याने औषध पाण्यात नीट विरघळतं आणि टिकतं, म्हणून बऱ्याच गोळ्यांवर हे शेपूट दिसतं.

‘अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट’मध्ये मात्र खरंच पाणी आहे, एका रेणूला तीन. म्हणून ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्षात सुमारे ५७४ मिलिग्रॅम ट्रायहायड्रेट भरलेलं असतं. पाकिटावर छापलेली मात्रा पाणी वजा जाता असते, तुम्ही काही बेरीज-वजाबाकी करायची नाही.

‘हायड्रोक्लोरोथायझाइड’ या रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होते, म्हणून नावातला हायड्रो पाण्याचा असं अनेकांना वाटतं. योगायोग आहे. क्लोरोथायझाइड नावाच्या औषधात दोन हायड्रोजन वाढवले, त्याचं हे नाव.

ओआरएसच्या पुडीवर ‘डेक्स्ट्रोज अनहायड्रस’ का लिहितात?

डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि पाणी न चिकटलेलं ग्लुकोज मोजून घातलंय हे सांगायचं असतं. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पाणीवालं ग्लुकोज वापरलं असतं तर तेवढ्याच साखरेसाठी जवळपास १४.९ ग्रॅम लागलं असतं.

पुडी एक लिटरची असेल तर ती पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला. तांब्याभर पाण्यात अख्खी पुडी ओतली तर द्रावण तीव्र होतं, आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणजे डिहायड्रेशनवरच्या औषधाने डिहायड्रेशन. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या.

रिपोर्टात ‘हायड्रो’ने सुरू होणारा शब्द आला तर घाबरायचं का?

शब्द फक्त एवढंच सांगतो की अमुक जागी द्रव साठलाय. का साठला ते सांगत नाही. हायड्रोसील म्हणजे वृषणाभोवती पाणी, हायड्रोकेफॅलस म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत (‘केफाले’ म्हणजे डोकं), हायड्रोथोरॅक्स म्हणजे छातीत. हायड्रोसाल्पिंक्स म्हणजे गर्भनलिकेत, वंध्यत्वाच्या तपासणीत हा शब्द येतो.

सगळ्यात जास्त विचारला जातो तो हायड्रोनेफ्रोसिस. ‘नेफ्रोस’ म्हणजे मूत्रपिंड. इथलं ‘पाणी’ म्हणजे लघवी. ती खाली उतरायला अडथळा आला, की मूत्रपिंडाचा आतला भाग फुगतो. रिपोर्टात ‘हायड्रोयूरेटरोनेफ्रोसिस’ असेल तर मूत्रनळीही फुगलेली आहे, म्हणजे अडथळा आणखी खाली. खडा हे नेहमीचं कारण. गरोदरपणात उजव्या बाजूला सौम्य फुगवटा बऱ्याचदा दिसतो. सौम्य, मध्यम, तीव्र ही प्रत रिपोर्टात लिहिलेली असते, ती वाचा. अडथळा आणि सोबत थंडी वाजून ताप असेल, किंवा लघवीच होत नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच रात्री दाखवा.

हायड्रोफोबिया हा मनाचा आजार आहे का?

नाही, रेबीजचं ते लक्षण. ‘फोबोस’ म्हणजे भीती, म्हणून नाव तसं. प्रत्यक्षात घोट घेताना घशाचे स्नायू जोरात आखडतात, आणि पुढे पाणी नुसतं दिसलं तरी ती उबळ येते. सुश्रुताने यालाच ‘जलत्रास’ म्हटलंय. हे लक्षण दिसेपर्यंत उपचाराची वेळ जवळपास निघून गेलेली असते. म्हणून कुत्रं चावलं की लगेच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि पुढचे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या.

रसायनशास्त्रात ‘हायड्रोफोबिक’ म्हणजे पाणी झटकणारा पृष्ठभाग. अळवावरचं पाणी आठवा. उलट ‘हायड्रोफिलिक’ म्हणजे पाणी ओढून घेणारा, जसा औषधी कापूस.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेल असतं, मग नाव पाण्याचं का?

सुरुवातीची यंत्रं पाण्यावर चालत. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने पेटंट घेतलेला दाबयंत्राचा नमुना पाण्याचाच होता. पाण्याने लोखंड गंजतं आणि वंगण मिळत नाही, म्हणून नंतर तेल आलं. नाव तसंच राहिलं.

तत्त्व बदललं नाही. लहान दट्ट्या १ चौरस सेंटिमीटर, मोठा ५० चौरस सेंटिमीटर असेल तर १० किलोच्या जोराने ५०० किलो उचलतं. फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर जायला लहान दट्ट्याला एकूण ५० सेंटिमीटर दाबावं लागतं, म्हणून जॅक इतका वेळ हाणावा लागतो.

आणि गंमत अशी की हायड्रॉलिकचा सगळ्यात मोठा वैरी पाणीच. ट्रॉली उचलताना लिफ्ट थरथरते, आवाज येतो आणि डिपस्टिकवरचं तेल ताकासारखं पांढरट दिसतं, तेव्हा तेलात पाणी शिरलंय. सर्व्हिसिंगला जोराच्या फवाऱ्याने धुताना ब्रीदरमधून, खराब सीलमधून किंवा पावसात उघड्या झाकणातून ते जातं. नुसतं वरून तेल भरून उपयोग नाही. तेल पूर्ण काढा, फिल्टर बदला, ब्रीदर आणि सील पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, म्हणजे तेच पाणी बेअरिंगही खातं.

स्लॅबवर पाणी मारण्याला इंजिनिअर ‘हायड्रेशन’ का म्हणतो?

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं, त्या क्रियेला हायड्रेशन म्हणतात. ५० किलोच्या गोणीला क्रियेसाठी स्वतःचं असं साधारण १२ लिटर पाणी पुरतं. मिश्रण कालवता यावं म्हणून २२ ते २५ लिटर घालतात. सेंटरिंगवाला ‘माल पातळ पाहिजे’ म्हणून त्याच्यावर बादली ओततो ते जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. पुढे गळती तिथूनच.

उलट, वरचं पाणी लवकर उडालं तर क्रिया अर्ध्यावर थांबते आणि पृष्ठभागावर भेगा पडतात. म्हणून काँक्रीट ओलं ठेवायचं, यालाच क्युरिंग म्हणतात: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अ‍ॅश असलेल्या पीपीसीला १०. माण-खटाव किंवा जतकडच्या कोरड्या उन्हात ते १० आणि १४ धरा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. दिवसातून दोनदा पाइप मारून जाणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

कोयनेला कुणी हायड्रो म्हणतं, कुणी हायडल. एकच ना?

एकच. ‘हायडल’ हे हायड्रो-इलेक्ट्रिकचं भारतात रुळलेलं आखूड रूप. मराठीत जलविद्युत. पाटण तालुक्यातल्या धरणाचं पाणी पश्चिमेला सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरवलंय. चारही टप्पे आणि धरणपायथा मिळून क्षमता १,९६० मेगावॅट.

उंची किती कामाची असते ते पाहा. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ४७५ मीटर खाली पडलं तर त्यात जवळपास १.३ युनिट ऊर्जा असते. नळीतलं घर्षण आणि यंत्रांतली घट धरून हाती १.१ ते १.२ युनिट येतं. तेच पाणी पूर्वेला कृष्णेत सोडलं तर पायथ्याच्या छोट्या वीजगृहात त्याच्या कितीतरी कमी वीज मिळते. कोयनेच्या पाण्यावरून वीज की शेती असा वाद दर उन्हाळ्यात निघतो, त्याच्या मुळाशी हा आकडा आहे.

पुराच्या बातम्यांतला ‘हायड्रोग्राफ’ कसा वाचायचा?

आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर पाणीपातळी किंवा विसर्ग. सांगलीकर पुराच्या दिवसांत आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ते तासातासाला विचारतो, ते आकडे कागदावर मांडले की झाला हायड्रोग्राफ. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. रेषेच्या उंचीइतकाच तिचा चढ पाहा. चढ मंदावला की शिखर जवळ आलं.

विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) सांगतात, साठा टीएमसीत (अब्ज घनफूट). ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ५०,००० क्युसेक दिवसभर चालू राहिलं तर धरणातून ४.३ टीएमसी गेलं.

हायड्रोमीटर, हायग्रोमीटर, हायपो… हे सगळं एकच का?

तीन वेगळी मुळं आहेत. हायड्रोमीटर द्रवाची घनता मोजतो. बॅटरीच्या पाण्यात बुडवला तर १.२६५ ते १.२८० म्हणजे पूर्ण चार्ज, १.१२० च्या आसपास म्हणजे उतरलेली. एकाच सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो सेल गेला. डेअरीतला लॅक्टोमीटर हाही हायड्रोमीटरच. हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता मोजतो. ‘हायग्रोस’ म्हणजे ओलसर. बेदाण्याच्या शेडला आणि हळदीच्या गोदामाला हा लागतो. दुकानदाराकडे मागताना ‘ड’ आणि ‘ग’ सांभाळा.

‘हायपो-’ म्हणजे खाली किंवा कमी. इथली गल्लत जिवावर बेतू शकते. फरशी-संडास साफ करायचं आम्ल हायड्रोक्लोरिक. कपड्यांचं ब्लीच सोडियम हायपोक्लोराइट. पूर ओसरल्यावर विहिरीत टाकतात त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीतही हायपोक्लोराइटच असतं. आम्ल आणि कुठलंही हायपोक्लोराइट एकत्र झालं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात कधीही एकामागोमाग वापरू नका.

हायड्रोपोनिक्स आणि अ‍ॅक्वापोनिक्स?

‘पोनोस’ म्हणजे कष्ट, म्हणून हायड्रोपोनिक्स म्हणजे पाण्यातली मेहनत: मातीशिवाय, खतांच्या द्रावणात पीक घेणं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिकने १९३० च्या दशकात हा शब्द रूढ केला. ‘अ‍ॅक्वा’ हा पाण्याचा लॅटिन शब्द. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये तो ग्रीक शेपटीला जोडलाय आणि पाण्यात मासे असतात.

करणार असाल तर आधी बोअरचं पाणी तपासा. ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) आधीच १ च्या वर असेल तर खतं घालायला जागाच उरत नाही. द्रावणाचा पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. आपल्याकडच्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे तो रोज वर सरकतो आणि लोह मिळेनासं होऊन कोवळी पानं पिवळी पडतात. द्रावण तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात. पातळ प्रवाहाच्या नळ्यांत वीज गेली तर उन्हाळ्यात काही तासांत पिकाने मान टाकली समजा. इन्व्हर्टर नसेल तर या पद्धतीच्या नादी लागू नका.

भाषांतरात मराठी काय वापरू?

शास्त्रात ‘जल-’ चालतं: जलविद्युत, जलशास्त्र. बोलीत ‘पाण-’ अधिक सरस: पाणलोट, पाणबुडी, पाणचक्की. ‘उदक’ एका ठिकाणी फार छान बसलंय. कार्बोहायड्रेटला ‘कर्बोदक’ म्हणतात, कर्ब अधिक उदक, मूळ शब्दाइतकंच नेमकं. पण हायड्रोजनचा अर्थ असेल तिथे ‘जल’ घालू नका. हायड्रोकार्बनला ‘जलकर्ब’ लिहिलं तर ते चूकच.

हायड्रा क्रेन, हायड्रेंजिया, हैद्राबाद?

कुपवाड एमआयडीसीत मागवतात ती हायड्रा म्हणजे माल उचलून नेणारी हायड्रॉलिक क्रेन. हे नाव आता सगळ्याच कंपन्यांच्या तशा क्रेनला लावतात. हायड्रेंजिया म्हणजे ‘पाण्याचं भांडं’, बोंडाच्या आकारावरून. आम्लधर्मी मातीत त्याची फुलं निळी होतात, चुनखडीच्या मातीत गुलाबी. हैद्राबादचा पाण्याशी काही संबंध नाही, ते नाव ‘हैदर’वरून आलंय.